बाळकुमचा गुणकारी नळ

दिवाळी अंकासाठी 'वायरमनच्या गमतीजमती' लिहून द्या, असा लकडा आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी माझ्यामागे लावला. मी म्हटलं, अहो, माझ्या धंद्यात ज्याला गंमत म्हणता येईल ते सगळं मरता मरता वाचलेलं आहे. त्यांना वाटलं मी विनोद करतोय. "तेच लिहा, तेच लिहा," म्हणाले. मग मी लिहायला बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मला खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे. माझ्या हातून एका बाईचा जीव जाता जाता राहिला, त्याची. माणसांची नावं बदलली आहेत. का बदलली, ते वाचल्यावर कळेल.

मी डोंबिवलीचा. लायसन्सवाला वायरमन. हे 'लायसन्सवाला' मी मुद्दाम लिहितो, कारण ऐंशीच्या दशकात ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्याच्या हातात टेस्टर तो वायरमन, अशी परिस्थिती होती. नव्या इमारतींची कामं मी फार घेतली नाहीत. माझी गिऱ्हाइकं म्हणजे जुनी घरं. भिंतीवर लाकडी पट्ट्या, त्यांवर क्लिपांनी ठोकलेली वायर, दाराच्या वर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे दोन फ्यूज. हे वायरिंग झालं तेव्हा घरात चार दिवे होते. पुढे पंखे आले, इस्त्री आली, मिक्सर आला, फ्रिज आला. वायर तीच राहिली. लोक घराला दर दोन वर्षांनी रंग काढायचे आणि रंगारी त्या वायरवरूनही ब्रश फिरवायचा. त्यामुळे ती नवी दिसायची.

विठ्ठलवाडीला एक निवृत्त मास्तर होते. दिवे मंद होतात म्हणून त्यांनी बोलावलं. मी फ्यूज काढून बघतो तर आत तारेच्या जागी अंबाड्याला लावायचा आकडा! मास्तर अभिमानाने म्हणाले, "सौभाग्यवतींचा आहे. लावल्यापासून एकदाही फ्यूज गेला नाही बघा." मी त्यांना समजावलं की फ्यूजची तार बारीक ठेवतात ती जळावी म्हणूनच, ती जळली की घर वाचतं. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे जळावी म्हणून लावायची? हे कुठलं शास्त्र?" चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं होतं त्यांनी.

कल्याणला एका घरात मीटरच्या लाकडी पेटीवर मांजर व्यायली होती. घरातली मंडळी कौतुकाने दाखवत होती, "दर खेपेला इथेच येते, ऊब असते ना." मी पेटीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. आत वायरीचं रबर वितळून काळा पाक झाला होता. पिल्लं खाली उतरवून मेन बंद केला, तर घरातली आजी माझ्यावर चिडली, पिल्लांना थंडी वाजेल म्हणून.

तेव्हा असं हादरणं मला रोजचं होतं. घरी येऊन बायकोला सांगायचो आणि दोघं हसायचो. बाळकुमचं मात्र मी तिलाही धड सांगितलं नाही.

पुढचं समजायला एवढंच माहीत असलं की पुरे. एका वायरने करंट घरात येतो, दुसरीने परत जातो. तिसरी वायर असते अर्थिंगची. फ्रिज, गिझर, इस्त्री यांच्या आत काही बिघडलं आणि करंट त्यांच्या पत्र्यावर उतरला, तर त्याला जमिनीत घेऊन जाणं हे हिचं काम. सगळं ठीक असताना ही वायर काहीच करत नाही. त्यामुळे जुन्या घरांत ती नसायचीच, आणि नाही म्हणून कोणाचं काही अडतही नसे. अडायचं ते एकदाच.

तर बाळकुम. आता तिकडे टॉवर झाले आहेत. तेव्हा खाडीच्या बाजूला कोळ्यांची बैठी कौलारू घरं होती. त्यातल्या एका घरात हिरामावशी राहायची. साठीची, विधवा, एकटी. माजिवड्याच्या नाक्यावर मासळी विकायला बसायची. तिचा एकुलता मुलगा मोरेश्वर मस्कतला बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात होता. त्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर तो रजेवर आला आणि येताना आईसाठी विजेवर चालणारा शॉवर घेऊन आला. म्हणजे भिंतीवर लावायचा पांढरा डबा. एका बाजूने थंड पाणी आत जातं, दुसऱ्या बाजूने तिथल्या तिथे गरम होऊन अंगावर पडतं. बादली नको, बंब नको.

मला त्याने बोलावलं तेव्हा डबा पाटावर ठेवला होता आणि त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. मी मागची पट्टी वाचली. सात किलोवॅट! पुन्हा चष्मा पुसून वाचली.

"मोरेश्वर," मी म्हटलं, "तुमचं अख्खं घर, दिवे, पंखे, रेडिओ, फ्रिज सगळं एकदम चालू केलंत तरी एक किलोवॅट होत नाही. हा एकटा सात मागतोय. लावला तर भिंतीवरची वायर उदबत्तीसारखी जळत जाईल."

"मस्कतला तर सगळ्यांकडे आहे, भाऊ."

"मस्कतच्या भिंतीत बोटाएवढी वायर असते. इथे लोड वाढवून मागा, अर्ज करा, दोन-तीन महिन्यांत मंजूर झालं की मी येतो."

"दोन-तीन महिने?" तो खालीच बसला. "परवा फ्लाइट आहे माझी. परत दोन वर्षांनी सुट्टी." मग आई ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाला, "तिचे हात बघितलेत तुम्ही? लहानपणापासून बघतोय मी. पहाटे बर्फात हात घालून मावरं काढायचं, बोटं निळी पडायची, आणि घरी आली की आंघोळ पण थंड पाण्यानेच, लाकडं जपायची म्हणून. डॉक्टर सांगतो मुंग्या येणारच, नसा गेल्यात. मी तिकडे गेलेलो तेव्हापासून एकच डोक्यात आहे. ती नळ फिरवतेय आणि गरम पाणी येतंय, एवढं एकदा मला डोळ्यांनी बघू द्या."

हिरामावशी दारात उभी होती. "मना काय कल्तं त्यातलं?" ती म्हणाली. "तो बोल्तो, आये, नल फिरवला की गरम पानी. मी बोल्ली, मंग चूल काय करंल, बसून ऱ्हाईल?" आणि हसताना तिने हात पदराखाली घेतले. मी ते हात बघितले होते. बोटांच्या पेरांवर भेगा आणि नखं पांढरी.

मी विरघळलो. डबा उघडला. आत पाणी तापवायच्या दोन कांड्या होत्या, त्यातली एक सोडवून बाजूला ठेवली. लोड निम्मा झाला. तेवढाही त्या जुन्या वायरला झेपला नसता, म्हणून मेन स्विचपासून न्हाणीपर्यंत जाड वायरची वेगळी लाइन ओढली आणि तिला वेगळा फ्यूज बसवला. शॉवरचं बटण न्हाणीत न ठेवता बाहेर कोरड्या भिंतीवर घेतलं. हे सगळं मी इतकं व्यवस्थित केलं की आजही त्यात मला खोट काढता येणार नाही.

राहिलं अर्थिंग. ते घरात नव्हतंच. नियमाप्रमाणे त्याला वेगळा खड्डा लागतो, माणूस उभा बुडेल एवढा, त्यात लोखंडी पाइप आणि भोवती कोळसा आणि मीठ. अंगणात मुरूम होता. खणायला दोन दिवस लागले असते आणि विमान परवाचं. मग मी तेच केलं जे त्या काळी ठाण्याकल्याणकडचा प्रत्येक वायरमन करायचा. नळाच्या पाइपला अर्थिंग बांधलं. पाइप लोखंडी, वरची टाकी लोखंडी, रस्त्याखालून आलेली लाइनही लोखंडी, सगळं एकसंध जमिनीत गेलेलं. त्याहून चांगलं अर्थिंग कुठलं? बल्ब लावून तपासलं, भगभगीत पेटला. उत्साहाच्या भरात मी तिचा जुना फ्रिजही त्याच वायरला जोडून दिला. मासळी ठेवायचा सेकंडहँड फ्रिज होता तो, दोनच पिनांवर चाललेला. मी त्याला तीन पिनांचा प्लग लावला आणि म्हटलं, आता तुमचं घर शंभर टक्के सुरक्षित.

दुसऱ्या दिवशी हिरामावशी त्या शॉवरखाली पहिल्यांदा बसली. न्हाणीच्या फटीतून वाफ बाहेर आली. मोरेश्वर दाराबाहेर उभा राहून विचारत होता, "आये, कसं वाटतंय?" आणि आतून आवाज आला, "जत्रेला आल्यासारं!" तो पोरगा तोंड फिरवून रडला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. निघताना तिने मला सुक्या बोंबलांची जुडी दिली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तुज्या हाताला गुन येवो."

एक वाक्य मात्र मी बोललो नाही. 'पाइप बदलाल तर आधी मला सांगा.' एवढंच. सुचलं नाही. लोखंडी पाइप बदलून लोक काय घालणार, असा विचार तेव्हा कोणी करत नव्हता.

पुढे शिमगा झाल्यावर मी माजिवड्याला एका कामासाठी गेलो होतो. छताला छिन्नी-हातोडीने भोकं पाडून पाडून माझा उजवा खांदा तेव्हा कायम धरलेला असायचा. काम संपवून नाक्यावर कोलंबी घेत होतो आणि खांदा चोळत होतो. मासळीवाली माझ्या ओळखीची नव्हती. ती म्हणाली, "खांदा धरलाय काय रं भाऊ? हिराच्या नलाला हात लावून ये. लगेच उतरंल."

"कसला नळ?"

"बाळकुमाला. हिराकडं. तिच्या नलाला गुन हाय. धरला की आंगभर मुंग्या येतात नि दुखना खालती उतरतं. मी दर आयतवारी जाते. माजा गुरघा बघ, कसा मोकला झालाय." आणि तिने उभं राहून मला गुडघा वाकवून दाखवला.

कोलंबी तागडीत तशीच राहिली. रिक्षात बसलो आणि मनात एकच घोकत होतो, दुसरी कोणी हिरा असू दे.

दुसरी कोणी नव्हती. अंगणात नळाभोवती पाच-सहा म्हाताऱ्या ओळीने टेकून बसल्या होत्या, दवाखान्यात नंबर लावून बसतात तशा. नळाला झेंडूची माळ होती. खाली नारळ फोडलेला होता. एक बाई दोन्ही हातांनी तोटी धरून डोळे मिटून उभी होती आणि बाकीच्या तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

मला बघून हिरामावशी लगबगीने उठली. "आला गं माजा भाऊ! याच्याच हाताचा गुन हाय ह्यो. यानं ती मशीन लावली नि नलात गुन उतरला!" त्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे वळून हात जोडले.

त्यांच्यातून वाट काढत मी नळाकडे निघालो. माझ्या डोळ्यांसमोर नळाशी उभी असलेली बाई बाजूला झाली आणि दुसरी पुढे आली. तिने पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"गोदे, लई दुकतंय काय आज?" कोणीतरी विचारलं.

"रातभर झोप नाय," ती म्हणाली. हिरामावशी मला कौतुकाने सांगू लागली, "चपला कारल्या की जास्ती गुन येतो. पाय ओलं केलं की आनखीन. आमी आता शोधून कारलंय."

शोधून काढलंय! मी आयुष्यात एवढ्या मोठ्याने ओरडलो नसेन. "हात लावू नका! कोणी हात लावू नका!" गोदाबाई दचकून मागे सरकली. मी चपलांसकट घरात घुसलो आणि मेन स्विच खाली ओढला. घरातला फ्रिज घरघरत होता, तो थांबला. बाहेर एक बाई रागाने म्हणाली, "देवाच्या कामात खोरा घालतो, कोन रं हा?"

मग मी तपासायला लागलो. टेस्ट लॅम्पची एक वायर करंटला आणि दुसरी नळाला लावण्याइतपत मेन पुन्हा चालू केला. सहा महिन्यांपूर्वी भगभगीत पेटलेला बल्ब आता नुसता विटकरी झाला. म्हणजे अर्थिंग संपलेलं. मग फ्रिजचं बटण चालू केलं आणि टेस्टर नळाला टेकवला. दिवा लागला. फ्रिज बंद, टेस्टर बंद. फ्रिजची मोटर घरघरायला लागली की नळात करंट. म्हाताऱ्यांना वाटायचं नळ कधी प्रसन्न असतो, कधी नसतो.

भिंतीच्या कडेला खाली वाकून बघितलं. पाइप जमिनीत शिरत होता तिथे लोखंडाऐवजी काळा प्लास्टिकचा पाइप.

"हा कधी घातला, मावशी?"

"झालं की दोन-तीन म्हयनं. पानी लाल येत व्हतं. अख्ख्या गल्लीनं घातला. पिलंबर बोलला, आता आयुष्यभर गंजाचं नाव नाय."

प्लास्टिकमधून करंट जमिनीत जात नाही. फ्रिजची मोटर आतून खराब व्हायला लागली होती. माझ्या आधी तो फ्रिज दोन पिनांवर होता, तेव्हा हा करंट फ्रिजच्या पत्र्यावरच राहिला असता. ती वायर मी लावली होती, आणि जमिनीकडचा रस्ता तुटल्यावर तीच वायर फ्रिजमधला करंट गुपचूप नळापर्यंत आणून सोडत होती. अंगणातल्या नळाला, न्हाणीतल्या नळाला, शॉवरला. फ्यूजही उडणार नव्हता, कारण करंट जमिनीत जातच नव्हता, जाणार होता तो माणसातून. मोटर अजून पुरती गेली नव्हती म्हणून मुंग्या. पुरती गेली असती तर त्या क्षणी जिच्या हातात नळ असता तिचा हात परत सुटला नसता. आणि तिला सोडवायला बाकीच्या धावल्या असत्या.

बायकांना मी घरी पाठवलं. एकदोघी मला शिव्या देत गेल्या. गोदाबाई चपला हातात घेऊन लंगडत गेली आणि जाताना म्हणाली, "आता माज्या गुरघ्याला तू काय देशील?"

हिरामावशीला मी समोर बसवून सगळं सांगितलं. फ्रिज, वायर, पाइप. तिला ते किती कळलं माहीत नाही. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"मावशी, तुम्हाला एकदाही शंका आली नाही? आंघोळ करताना मुंग्या यायच्या ना?"

"मना तर बारा वरसं मुंग्या येतात," ती म्हणाली. "बर्फानं. मना कसं कलावं, कोनत्या बर्फाच्या नि कोनत्या तुज्या?"

दुसऱ्या कोणालाही पहिल्याच दिवशी कळलं असतं आणि तो ओरडत बाहेर आला असता. तिच्या बोटांना ती झिणझिण ओळखीची होती. उलट आंघोळीनंतर मुंग्या जरा कमी वाटतात, असं तिला वाटलं. तिने मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने दुसरीला. न्हाणीत ती लाकडी पाटावर बसायची. केवळ त्या पाटाने तिला इतके दिवस जिवंत ठेवलं होतं.

"मंग मी मरली असती?" तिने विचारलं.

"हो."

"नि गोदी?"

"हो. चपला काढल्या होत्या तिने."

मी वाट बघत होतो की ही आता मला दोन शब्द सुनावेल. मला ते हवेच होते. मी म्हणालो, "मावशी, चूक माझी आहे. मी मोरेश्वरला पत्र लिहितो, सगळं कळवतो."

एवढ्यावर ती ताडकन उठली. "त्याला नाय सांगायचं! तुना माजी आन हाय. त्याला कललं, का त्यानं आनलेल्या मशीननं आये मरत व्हती, तं तो तिकडं जेवेल काय? झोपेल काय? नाय सांगायचं, भाऊ. कवाच नाय." तिने मला नळावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. मेन बंद होता तरी तो हात ठेवताना माझ्या अंगावर काटा आला.

पुढचे तीन दिवस मी दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. अंगणात खड्डा खणून घेतला, पाइप पुरला, कोळसा आणि भाईंदरच्या मिठागराचं जाडं मीठ भरलं, अर्थिंगची वायर नळावरून काढून तिथे नेली. फ्रिज भंगारात दिला आणि तिला दुसरा मिळवून दिला. जरासा करंट चुकीच्या वाटेला गेला की पापणी लवायच्या आत लाइन तोडणारं एक यंत्र तेव्हा नुकतं मिळायला लागलं होतं, ते मुंबईहून आणून बसवलं. शेवटी तिच्यासमोर न्हाणीत अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून मी स्वतः शॉवर चालू केला, तोटी धरली, डोकं भिजवलं. "बघा," म्हटलं, "आता काही होत नाही."

"बघतंय," ती म्हणाली. आणि चुलीवर हंडा ठेवायला निघून गेली.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी दरवर्षी तिच्या घरी जाऊन ते अर्थिंग तपासत होतो, खड्ड्यात पाणी घालत होतो. प्रत्येक खेपेला शॉवरचा डबा लख्ख पुसलेला असायचा आणि बाहेरच्या बटणावर बोटाचा एक डाग नसायचा. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. मोरेश्वर शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करायचा. एकदा माझ्यासमोरच आला. तो काय विचारत होता ते मला ऐकू आलं नाही, पण ती म्हणत होती, "रोज रं बाबा, रोज. नल फिरवला की गरम पानी."

ठरल्याप्रमाणे दोन वर्षांनी मोरेश्वर रजेवर आला तेव्हा त्याने मला मुद्दाम जेवायला बोलावलं. पोरगा अंगाने भरला होता, बोलण्यात हिंदी आलं होतं. सकाळची वेळ होती. "आये, आंघोळ उरकून घे ना, भाऊ आलेत, जेवायला बसू," तो म्हणाला. हिरामावशीने माझ्याकडे बघितलंही नाही. कपडे घेऊन न्हाणीत गेली. मोरेश्वरने स्वतः उठून बाहेरचं बटण दाबलं. आत पाण्याचा आवाज सुरू झाला आणि दाराच्या फटीतून वाफ यायला लागली.

"ऐकलंत?" तो माझ्या मांडीवर थाप मारत म्हणाला. "तिकडे चाळीस डिग्रीत डेकवर झोपून वेल्डिंग करतो ना, तेव्हा हाच आवाज कानात असतो माझ्या. म्हणतो, चला, आईची आंघोळ तरी झाली असेल."

मी मान डोलावली. पाणी बराच वेळ पडत राहिलं. एकाच सुरात, एकाच जागी, फरशीवर. खाली माणूस बसला असला की पाण्याचा आवाज असा येत नाही, तो तुटत तुटत येतो. जुन्या घरांच्या न्हाण्यांबाहेर मी अर्धं आयुष्य काढलं आहे, मला तो कळतो.

ती बाहेर आली ती ओल्या केसांनी, हसत. मला चहाचा कप द्यायला वाकली तेव्हा तिच्या केसांतलं पाणी माझ्या मनगटावर टपकलं. थंडगार होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. वाफेने भरलेल्या न्हाणीत भिंतीला चिकटून ती उभी राहिली असणार आणि पाणी वाहून जाऊ देऊन बादलीतल्या थंड पाण्याने डोकं भिजवून आली असणार. मी लावलेल्या शॉवरखाली बसायची तिची हिंमत होत नव्हती, आणि तिचं काही चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं.

"कसं चाललंय मशीन, भाऊ?" मोरेश्वरने विचारलं. "तुम्ही तपासता ना अधूनमधून?"

"एकदम छान चाललंय," मी म्हणालो आणि चहा प्यालो.